नदीपलीकडची सोलर प्लेट

मी सोलर प्लेट बोलतेय. भामरागडच्या पुढे नदी ओलांडली की एक टोला, म्हणजे छोटी वस्ती, लागतो. तिथल्या पाण्याच्या टाकीशेजारी, लोखंडी चौकटीवर आम्ही काही बहिणी दक्षिणेकडे तोंड करून बसलो आहोत.

जन्म दूरच्या कारखान्यातला. ट्रकने आले, मग ट्रॅक्टरने, शेवटी डोंग्यातून. टोल्यावरच्या लटारूभाऊंनी मला मांडीवर आडवं धरलं होतं. भर नदीत ते म्हणाले, "मी पडलो तं चालते, हे नाई पडली पाहिजे."

बोअरचा पंप आमच्या जोरावर चालायचा. टाकी भरेपर्यंत दुसरं काही जोडायचं नाही, असं गावाने बैठकीत ठरवलं होतं. आमची निगा सोमारीबाईकडे होती. ती ओल्या फडक्याने पुसायची. ढग आले की म्हणायची, "आज हिचं मन नाई."

मग जंगलातून खांब आले, मोठी लाइन आली. वायरमन प्रवीण सांगत होता, ही वीजसुद्धा उन्हाचीच. दूर माळावर अशा हजारो प्लेटा मांडल्यात. आपलं गणगोत एवढं मोठं, म्हणून मला बरं वाटलं. त्याच दुपारी पंपाची तार माझ्याकडून काढून लाइनला जोडली.

उन्हाळ्यात बायकांच्या लक्षात आलं, तापल्या काचेवर मोहफुलं लवकर वाळतात.

"वीज नाई तं नाई, मोहा तं वाळवते," लटारूभाऊ हसले. सोमारीबाईही हसली. चिकट रसावर धूळ बसली, मुंग्या आल्या. तरी कोणाचा तरी हात लागत होता. हंगाम संपला आणि तोही थांबला.

पावसाळ्यात झाड पडून लाइन तुटली. नदीला पूर, प्रवीण पलीकडे अडकला, डोंगा निघेना. टाकी आटली. लोक नाल्याचं गढूळ पाणी पिऊ लागले. सोमारीबाईची नात रिना हगवणीने निपचित पडली. दवाखानाही नदीपल्याडच.

"काऊन बसून राह्यले सगळे? प्लेट आहे ना," सोमारीबाई म्हणाली.

"तिच्यावर मोह्याचा थर आहे, बाई. अन् आभाळ पाहा," लटारूभाऊ म्हणाले.

"थर माह्यावर सोड. तू तार जोड."

तिने कोमट पाण्याने मला घासलं. लटारूभाऊंनी पंपाची तार मला जोडली. ढग जरा विरले. टाकीत बारीक धार पडू लागली. पहिली गुंडी, म्हणजे कळशी, भरून तिने घरी नेली, पाणी उकळून रिनाला घोट घोट पाजलं. पूर ओसरायच्या आत रिना उठून बसली, आंबील मागू लागली.

लाइन सुधारली, तेव्हा सोमारीबाईने हट्ट धरला आणि प्रवीणने एक खटका बसवला. वर केला की लाइन, खाली केला की मी. तेव्हापासून तो वरच आहे.

चांगलं ऊन पडतं. वीज माझ्यात उभी राहते, पण तिला जायला वाट नसते. सोमारीबाई गुंडी घेऊन जवळून जाते. नळाला पाणी असतं, म्हणून वर पाहत नाही.

मोठ्या लाइनशी माझं भांडण नाही. एवढंच मागते, पुढचा पूर यायच्या आधी, एखाद्या उघडीप असलेल्या दिवशी, तो खटका खाली करा. मला अजून पंप चालवता येतो का, हे तुम्हाला कळेल. मलाही कळेल.