दोरीचं दुसरं टोक

एखादी थाप पन्नास-पंचावन्न वर्षं सांभाळली की ती थाप राहत नाही, घरातलं सामान होऊन जाते. आत्याची थाप तशीच होती. शाळेत असताना आपण दोरीवरच्या दोनशे उड्या एका दमात मारायचो, असं ती सांगायची. शिवणाच्या वर्गातल्या मुलींना तिने हे सांगितलं होतं. नवऱ्यालाही सांगितलं होतं आणि तो बिचारा शेवटपर्यंत त्यावर विश्वास ठेवून होता. भाचीला तर तिने घास भरवता भरवता सांगितलं होतं. खरं पाहता दोनशेच काय, सलग सहा उड्याही आत्याने जन्मात कधी मारल्या नव्हत्या.

आणि आता तीच भाची हातात दोरी घेऊन तिच्या खोलीच्या दारात उभी होती.

भाची सायकलच्या शर्यती खेळायची. मांड्या अशा की आत्याला तिच्या सलवारींना दोन्हीकडून पट्टी जोडावी लागायची. पण चार महिन्यांपूर्वी ती उभ्या सायकलवरून नुसती कलंडली आणि मनगटाला चीर गेली. मनगट जुळलं, पण तपासणीत हाडं विरळ निघाली. प्रशिक्षक बाईंनी सांगितलं, "सायकल तुझं सगळं वजन उचलते. हाडांना वाटतं आपण रजेवर आहोत. त्यांना कामाला लाव. दोरीवरच्या उड्या मार. पंधरा दिवसांनी सलग तीन मिनिटं मारून दाखव, दोनदा अडकलीस तर चालेल. तिसऱ्यांदा अडकलीस तर डोंगराच्या शर्यतीला तुझ्या जागी दुसरी जाईल."

"आत्या, मला दहासुद्धा जमत नाहीत गं," भाची म्हणाली. "तू दोनशेवाली आहेस. शिकव."

तेव्हाच खरं सांगता आलं असतं. आत्याने त्यासाठी तोंड उघडलंही होतं. पण त्यातून बाहेर पडलं ते असं, "आण ती दोरी इकडे."

खोलीबाहेर पेपर वाचत बसलेल्या दादांनी, म्हणजे भाचीच्या वडिलांनी, चष्म्यावरून बहिणीकडे एकदा पाहिलं.

"दोनशेच का? अडीचशे सांग की."

"तुम्ही पेपर वाचा, दादा."

आत्याने टेप काढली. भाचीला दोरीच्या मधोमध उभं केलं, दोन्ही टोकं काखेपर्यंत आणली आणि कात्री चालवली. पण चाळीस वर्षं कपडे शिवलेल्या बाईचा हात तो. कापताना माया ठेवायचीच. कमी पडलं तर उसवून वाढवता येतं, असा तिचा नियम. तिने दोन्हीकडे वीत-वीत माया ठेवली. परिणामी दोरी फरशीवर लोळत यायची आणि भाचीच्या पायांत घोटाळायची.

"उंच मार!" आत्या खुर्चीतून ओरडायची. "गुडघे छातीशी!"

तिच्या थापेतली मुलगी नेहमी उंच उडायची, म्हणून भाचीनेही उंच उडायचं, एवढाच त्यामागचा अभ्यास.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य हातमोजे घालूनच वर आले. "ताई, माझं यंत्र पेशंटच्या दाढेत आहे. वरून हत्ती उडाला की मी चुकीचा दात कोरेन." तेव्हा सगळा सरंजाम गच्चीवर गेला.

चौथ्या दिवशी दुपारी आत्या जिन्यात उभी होती. भाची कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत, आडवी आडवी उतरत होती. एकाहत्तर वर्षांची आत्याही तशीच उतरायची. पण भाची बावीस वर्षांची होती.

"काय झालं गं?"

"नडग्या ठणकताहेत. सुरुवातीला तुझ्याही ठणकल्या असतील ना?" भाची हसून म्हणाली. "मॅडम म्हणतात, दुखलं तर थांब, नडगीच्या हाडाला चीर गेली तर अख्खं वर्ष गेलं. पण तू सांगितलंस ना उंच मार म्हणून, मग मारते."

आजवर आत्याच्या थापेने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. आता मात्र ती थाप एका पोरीची हाडं खात होती.

"बस इथे पायरीवर," ती म्हणाली. "मी दोनशे उड्या मारलेल्या नाहीत."

"म्हणजे दीडशे?"

"नाही."

"शंभर?"

"भाजी घ्यायला आलीस का घासाघीस करायला? सहासुद्धा नाही!"

भाचीने नडगी चोळायची थांबवली. "मग तू करत काय होतीस?"

"दोरी धरायची." आत्याला ते सांगताना साठ वर्षांपूर्वीइतकंच लाजल्यासारखं झालं. "शाळेच्या मागच्या अंगणात एक जाड दोर होता. एक टोक नळाच्या पाइपाला, दुसरं माझ्या हातात. पहिल्याच दिवशी मी अडकले आणि आमचा गट हरला. मग मुली मला खांब म्हणायला लागल्या. खांबाची पाळी सगळ्यांत शेवटी. आणि तेवढ्यात घंटा व्हायची. रोज. दोनशे उड्या मारणारी मुलगी वेगळी होती. पण तिच्या दोनशेच्या दोनशे फेऱ्या माझ्या मनगटातून गेल्यात, एवढं मात्र खरं."

भाची उठली. "चार दिवस मी पाय आपटून घेतले, आत्या," एवढंच म्हणाली आणि आडवी आडवी खाली गेली.

दोन दिवस ती बर्फ लावून पडून राहिली आणि आत्याशी कामापुरतंच बोलली. दादाही पेपरातून डोकं वर काढत नव्हते. त्यांनी टोमणा मारला असता तर आत्याला बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठणका उतरल्यावर भाचीने कपडे वाळत घालायची दोरी सोडली आणि आत्याच्या पुढ्यात टाकली.

"खांब आहेस ना? फिरव मग."

गच्चीवर एक टोक टाकीच्या पाइपाला बांधलं, दुसरं आत्याने स्टुलावर बसून धरलं. मनगट पहिल्या फेरीला कुरकुरलं. दुसऱ्या फेरीत त्याला सगळं आठवलं. कुठली मुलगी जड, तिच्यासाठी दोरी जरा रेंगाळू द्यायची. कुठली घाबरट, तिच्यासाठी जमिनीवर टप्प आवाज काढायचा, म्हणजे तिला कळतं कधी उडायचं. आत्याने डोळे मिटले आणि भाचीची पावलं ऐकली.

"टाचेवर आपटतेस तू. पॅडल ढकलल्यासारखी जमीन ढकलू नकोस. जमीन कुठे जात नाही."

"मग ती दोनशेवाली कशी मारायची?"

इतक्या वर्षांत आत्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. "अगं, ती उडायचीच नाही! चवड्यांवर नुसती दोरी जाण्यापुरती उचलायची. तिच्या वेण्यासुद्धा हलायच्या नाहीत."

संध्याकाळी आत्याने भाचीच्या दोरीची माया कापून टाकली. कापताना जिवावर आलं, पण कापली.

परीक्षेच्या दिवशी आत्या व्यायामशाळेच्या बाकावर पर्स मांडीत घेऊन बसली. भाचीने सुरुवात केली. पहिल्या मिनिटाला एकदा अडकली. दुसरं मिनिट संपताना आणखी एकदा. आत्याने डोळे मिटले आणि टप्प, टप्प ऐकत राहिली. टाच कुठेच वाजत नव्हती. तिचं मनगट आपोआप फिरायला लागलं, इतकं की पर्स खाली पडली आणि आतल्या गोळ्या, टेप, सुट्टे पैसे सगळे बाकाखाली गेले. ती वाकून ते गोळा करत असतानाच शिट्टी वाजली. तीन मिनिटं झाली होती आणि भाची तिसऱ्यांदा अडकली नव्हती.

"पाय छान हलके पडताहेत," प्रशिक्षक बाई म्हणाल्या. "कुणी शिकवलं?"

"आत्याने."

"अरे वा! तुम्ही मारायचा वाटतं?"

आत्या बाकाखालून वर आली. 'दोनशे' अगदी जिभेच्या टोकावर होते. भाची घाम पुसत तिच्याकडे पाहत होती.

"मी दोरी फिरवायचे," आत्या म्हणाली.

घरी आल्यावर भाचीने तिला थेट गच्चीवर नेलं. टाकीला दोरी बांधली आणि दुसरं टोक स्वतः धरलं.

"घंटा होणार नाही. आता तुझी पाळी."

"वेडी का काय तू? माझे गुडघे..."

"डोक्यावरून नाही फिरवत, नुसती पाळण्यासारखी हलवते. चपला काढ."

दोरी आली. आत्या उडाली. उडाली म्हणजे काय, तिच्या टाचांखालून एखादं पोस्टकार्ड सरकलं असतं. पण दोरी खालून गेली. परत आली तेव्हा पायात अडकली आणि आत्याने टाकीला मिठी मारली.

"एक!" भाची ओरडली.

जिन्याच्या दारातून दादांचा आवाज आला, "खांब हलला गं बाई! दोनशेला आता एकशे नव्याण्णवच कमी."

दुसऱ्या दिवशी जिन्यात दंतवैद्य भेटले. आत्याने त्यांना थांबवलं.

"काल मी दोरीवरच्या उड्या मारल्या हं, डॉक्टर."

"या वयात? किती मारल्या?"

आत्याने वर पाहिलं, खाली पाहिलं. जिन्यात दुसरं कुणी नव्हतं.

"तीन," ती म्हणाली.