हाताची काजं

"आज एक जण तुझ्या कामाचं कौतुक करत होता," मालकीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी एक खाकी कोट तिच्या मशीनवर टाकला. "काजावरून बोट फिरवत उभा होता. म्हणे, हाताची काजं आता करतं कोण?"

तिने सुई खाली ठेवली.

"कोट त्याचाच?"

"त्याच्या गिऱ्हाइकाचा. तोही शिंपीच आहे. आपण मागे काजं करून दिलेला कोट त्याच्याकडे अस्तराला गेला, तर हा विचारत विचारत इथवर आला. वरचं बटण लावायला ठेवून गेलाय. उद्या येतो म्हणाला."

शिंप्याने बटण लावायला दुसऱ्या शिंप्याकडे यावं! तिने बटणाची जागा पाहिली. दोरा झिजून तुटलेला नव्हता, कात्रीने कापलेला होता.

"माझं नाव विचारलं?"

"विचारलं. पण मी नाही हं सांगितलं. तू बजावलंयस ना. एवढंच म्हटलं, मागच्या खोलीत एक बाई बसते, दहा ते सहा."

मालकीणबाईंनी शब्द अगदी पाळला होता. नाव त्यांनी जिवापाड जपलं होतं. काजाला तोंड असतं, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

अकरा वर्षं ती आणि नवरा समोरासमोरच्या मशीनवर बसले होते. काजाच्या आतल्या टोकाला ती तीन आडवे टाके घेऊन चौथा तिरका घेई. कुणी शिकवलेला नव्हता, तिचा तिलाच सुचला होता आणि त्यामुळे काज कधी उसवत नसे. दुकानाचं नाव त्या काजांवर झालं होतं. नवऱ्याने तिला मारायची एकही जागा शिल्लक ठेवली नव्हती, हात तेवढे सोडले होते. ते कामाला लागायचे.

दुपारी ती चौकीत गेली. हवालदारबाईंनी कोर्टाचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"यात फक्त तुमच्या बहिणीचं घर आहे, ताई. तिथे यायला त्याला बंदी. दुकान कुठे लिहिलंय?"

"लिहिलं असतं तर प्रत त्यालाही गेली असती. त्याला आयता पत्ता मिळाला असता."

हवालदारबाईंनी कागद घडी करून परत दिला. "खरंय तुमचं. पण बटण लावायला आला, यात गुन्हा काय लिहू मी? काही केलं, तर लगेच फोन करा."

"केल्यावर फोन कोण करणार?"

हवालदारबाईंनी नंबर लिहून दिला, तोही चौकीचा नाही, स्वतःचा. बाई चांगल्या होत्या. चांगल्या माणसांमुळे काही अडत नाही आणि काही सुटतही नाही.

ती दुकानात परतली नाही. बहिणीने मालकीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं, तेव्हा त्या रडल्या म्हणे. "मीच गं बाई दार उघडून दिलं," असं म्हणत राहिल्या.

महिन्याभराने शहराच्या दुसऱ्या टोकाला एका म्हाताऱ्या मास्तरांच्या दुकानात तिला बोलावणं आलं. त्यांनी कापडाचा तुकडा पुढे केला. "एक काज करून दाखवा. हात बघू तुमचा."

तिने कापड कापलं, दोरा ओवला. टाके भराभर पडत गेले. आतल्या टोकाशी येताच बोटं आपसूक तिरकी वळली. तिने ती थांबवली, टाका उसवला आणि सरळ घातला. मग मधलेही दोन उसवून विरळ केले. गाठ जाड ठेवली.

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवून काज डोळ्यांजवळ धरलं.

"किती वर्षं करताय हे काम?"

"झालं असेल एखादं वर्ष."

"तरीच," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, कीव होती. "वाईट वाटून घेऊ नका, पण काजाला उपजत हात लागतो. तुमच्याकडे तो नाही. पडद्यांच्या किनारी मारत जा, सरळ शिलाई. जमेल?"

"जमेल," ती म्हणाली.

मास्तरांनी तो तुकडा चिंध्यांच्या पोत्यात टाकला. तिने मशीन भिंतीकडे वळवून घेतलं, पाठ रस्त्याकडे केली आणि पहिला पडदा पुढ्यात ओढला.