ओढ्यापलीकडचं आगळ

कोकमाच्या आगळाच्या एका बाटलीवरून ही बाई हायकोर्टात गेली, असं आमच्या मुलुंडच्या सोसायटीत सांगतात. सांगू देत. आगळ निमित्ताला होतं. मला विद्याधर परबच्या तोंडून, चार माणसांत, एकच गोष्ट वदवून घ्यायची होती: आम्ही तुझ्या बापाला वाळीत टाकलं.

हा विद्याधर म्हणजे आमच्या आंबेरखोल गावच्या मुंबई मंडळाचा अध्यक्ष. राहतो घाटकोपरला, पण त्याच्याशिवाय गावात पान हलत नाही. एका विधवेच्या पायवाटेचा तंटा होता, त्यात माझ्या बाबांनी तिची बाजू घेतली, विद्याधरच्या भावाच्या विरोधात. झालं. शिमग्याची पालखी आमच्या दारात यायची बंद झाली. ओढा आला की वळायची. दुकानदार मीठ देईना. बाबा गेले तेव्हा गावातला एक माणूस खांद्याला आला नाही. तिरडी मी उचलली, आईने उचलली, माझ्या नवऱ्याने, दशरथने उचलली, आणि चौथा आमचा टेम्पोवाला, गडहिंग्लजचा, ज्याला बाबांचं नावही माहीत नव्हतं. त्यानंतर आईला मी इकडे मुलुंडला घेऊन आले. मी गावाचा विषय काढून कडाकडा बोटं मोडली की ती म्हणायची, "जाव दे गो रत्ना. देवाक काळजी." असेल देवाला. मला आग लागली होती.

ओढ्यापलीकडे आमची कोकमाची झाडं आहेत, आजोबांच्याही आधीची. दर मे महिन्यात तिथले रतांबे आणून मी आगळ काढते आणि बाटल्या भरून विकते. बाटलीवर नाव असायचं 'आंबेरखोलचं आगळ'. सोलकढीला दुसरं आगळ न चालणारी घरं आहेत मुलुंडमध्ये. आणि मग एक दिवस मंडळाची नोटीस आली. सरकारने आंबेरखोलच्या आगळाला भौगोलिक मानांकन दिलं आहे, आता हे नाव फक्त ठरलेल्या हद्दीतल्या उत्पादकांना लावता येईल, आणि आमची वाडी त्या हद्दीत नाही. दुकानदारांनाही तशीच पत्रं गेली. त्यांनी माझ्या बाटल्या फळीवरून काढून पिशवीत भरून परत दिल्या.

ओढ्याच्या अलीकडचं कोकम आंबेरखोलचं, पलीकडचं कुठलं? अमेरिकेचं?

मी अंधेरीला श्वेताकडे गेले. श्वेता माझ्या मावसबहिणीची मुलगी, असल्या नावांच्याच केसेस लढते. तिने मंडळाचा अर्ज मागवून वाचला आणि खुर्चीत मागे रेलून हसायला लागली. विद्याधरने गावची हद्द सांगताना मोठ्या फुशारकीने लिहिलं होतं की शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी जिथवर जाते तिथवर आंबेरखोल. परंपरेचा पुरावा म्हणून पालखीच्या वाटेचा नकाशाच जोडला होता. गाढवाने वाळीत टाकल्याची रेघ स्वतःच्या हाताने आखून सरकारला दिली होती.

"मावशी, अपील करू," श्वेता म्हणाली. "तुझी वाडी बाहेर का, हे त्यांना सांगावं लागेल. कोकम वेगळं आहे म्हणाले तर मी तपासणीचे रिपोर्ट ठेवते. आणि खरं कारण सांगितलं तर वाळीत टाकणं हा आता गुन्हा आहे. वाट लागली त्यांची."

"मला त्याने खरं कारणच सांगायला हवंय," मी म्हटलं.

अपील दाखल झालं आणि थोड्या दिवसांनी विद्याधर घरी आला. हापूसची पेटी घेऊन. ज्या माणसाने बाबांच्या दहाव्यालाही तोंड दाखवलं नाही, तो माझ्या सोफ्यावर पाय पसरून बसला आणि आईने, माझ्या सख्ख्या आईने, त्याला आलं घालून चहा करून दिला. माझं डोकं असं सणकलं की सांगता सोय नाही.

"रत्ना, तुझी वाडी नकाशात घालून घेऊ," तो म्हणाला. "दुरुस्तीचा अर्ज मंडळ करेल. तू अपील मागे घे. नाव तुलाही, आम्हालाही."

खोटं कशाला बोलू, मी डळमळले. परत आलेल्या बाटल्या बेडरूममध्ये पलंगाखाली होत्या. दशरथने डोळ्याने खुणावलं, हो म्हण. मलाही एकदा वाटलं, मिळतंय तर घ्यावं.

"आणि बाबांचं काय?" मी विचारलं.

"त्याचं आता काय? जुनं उकरून कोणाचं भलं झालंय?"

"मंडळाच्या सभेत उभे राहा आणि सांगा की चुकलो, त्याला वाळीत टाकलं ते चुकलं. मी उद्या अपील मागे घेते."

तो हसला. "तसं नाही जमायचं गं. मानाचा प्रश्न आहे."

"मग पेटी उचला, दादा."

पेटी घेऊन तो गेल्यावर आईने त्याचा कप विसळला आणि म्हणाली, "घेतलं असतंस तर बरा झाला असता. जाव दे गो." मी तिच्याशी दोन दिवस धड बोलले नाही.

सुनावणीला विद्याधर मंडळाची माणसं घेऊन आला. सगळे ठेवणीतले कपडे घालून त्याच्या मागे बसले होते. त्याचा वकील बराच वेळ परंपरा, परंपरा करत राहिला. जजसाहेबांनी नकाशा पुढे ओढला आणि विचारलं, "ही वाडी ओढ्याला लागूनच आहे. पालखी इथे का जात नाही?"

वकील म्हणाला, "जुनी प्रथा आहे."

श्वेता उठली. "आधी जात होती. गावच्या देवस्थानच्या जुन्या पत्रिकेत या घराचा मान छापलेला आहे."

जजसाहेबांनी मराठीतच विचारलं, "मग थांबली का?"

वकिलाने मागे वळून विद्याधरकडे पाहिलं. त्याने नुसतं म्हणायचं होतं की वाडी गावातलीच आहे, नजरचुकीने राहिली. सुटला असता. पण मागे अख्खं मंडळ बसलं होतं, आणि वाडी गावातली म्हटलं की येत्या शिमग्याला पालखी आमच्या दारात न्यावी लागली असती. हे त्याच्या जिभेवर येईना. मी त्याच्याकडे टक लावून बघत होते. मनात म्हणत होते, बोल मेल्या, बोल.

तो उभा राहिला. वकिलाने त्याचा सदरा धरून खाली ओढलं, तरी उभा राहिला.

"साहेब, ते घर गावात धरत नाहीत. गावाने त्यांना वाळीत टाकलंय."

"गावाने म्हणजे कोणी?"

"आम्ही. त्याने गावाचा शब्द मोडला होता."

जजसाहेबांनी ते वाक्य लिहून घ्यायला सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. निर्णय रद्द झाला. मानांकनाची हद्द नव्याने ठरवा म्हणून प्रकरण परत गेलं, तोवर ते नाव ना मंडळाला ना मला. अलीकडच्या वाड्यांतल्या बायकांनी नवी लेबलं छापून घेतली होती, ती वाया गेली. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. त्या बायकांनी बाबांच्या मयतीच्या दिवशी दारं लावून घेतली होती. विद्याधर जिन्यात दिसला तर त्याच्याभोवती त्याचेच लोक ओरडत होते की आता पोलीस आपल्याला बोलावणार. मी त्याच्याजवळून मुद्दाम हळू हळू उतरले.

घरी आले तेव्हा आई टीव्हीसमोर बसली होती.

"जिंकलो आई. निर्णय रद्द झाला. पण नाव अजून कोणालाच नाही."

नावाचं तिने काही विचारलं नाही. "काय बोल्लो तो?"

मी सांगितलं. तिने टीव्ही बंद केला.

"'आम्ही' बोल्लो? तोंडान?"

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. लिहून घेतलं कोर्टाने."

"परत सांग."

मी परत सांगितलं, अगदी त्याच्या आवाजात. आई माझ्या तोंडाकडे बघत ऐकत होती. इतकी वर्षं ही बाई मला जाव दे म्हणत होती. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली, भिंतीवरच्या बाबांच्या फोटोखाली खुर्ची ओढली आणि मला दंडाला धरून तिथे नेलं.

"आता ह्यांका सांग," ती म्हणाली. "मोठ्यान सांग. शेवटी शेवटी तेंका कमी ऐकाक येई."