पांढरे तळवे

दोरी ताणून तिने दुसऱ्या टोकाची खुंटी दगडाने ठोकली, फक्कीची बादली जवळ ओढली आणि वाकून पहिली लेन आखायला घेतली. चुना मुठीतून सुटा आणि सारखा पडला पाहिजे. घाई केली की रेघेला पोट सुटतं. या कामाला कॉलेजात माणूस होता, पण आज ती कुणाला हात लावू देणार नव्हती. आज संध्याकाळी पाइपवाले आजोबा येणार होते.

ट्रॅकच्या आतल्या बाजूला तिची धाकटी जाऊ गोलपोस्टला जाळी बांधत होती. स्टुलावर चढून, तोंडात सुतळीचे तुकडे धरून, आणि तशा तोंडानेही पोरींना हसू येईल असं काहीतरी बोलत. पोरी हसल्या. थोरलीची रेघ किंचित हलली.

"ताई, फक्की उरेल का हो? आमची कडेची रेघ पार पुसली गेलीय," धाकटीने तिथूनच ओरडून विचारलं.

"उरेल की. तिकडे ठेवलीय बघ तुझ्यासाठी."

ठेवली होती हे खरंच. पोत्याच्या तळाशी ओल लागून ढेकळं झालेला चुना तिने सकाळीच वेगळा काढला होता. चांगला चुना तिने आपल्या लेनवर दुसरा हात देऊन संपवत आणला होता. याची तिला लाज वाटत होती. लाज वाटली म्हणून तिने हात मात्र थांबवला नाही.

कॉलेज लहान, मैदान एकच. बाहेरून मातीचा ट्रॅक आणि त्याच्या पोटात फुटबॉलचं मैदान. थोरली या ट्रॅकवर मुलींना पळायला शिकवत होती, तेव्हा त्या पोटात नुसतं गवत माजलेलं असे. मग धाकटी लग्न होऊन घरात आली. शिकलेली, फुटबॉल खेळलेली, आणि दिवसभर घरात बसून कंटाळलेली. थोरलीनेच प्राचार्यांकडे शब्द टाकला. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, असं ती हल्ली मनात म्हणायची. धाकटीने शिकवलेल्या मुली चार वर्षांत बाहेर खेळायला जाऊ लागल्या, करंडक आणू लागल्या. प्राचार्यांच्या खोलीतल्या कपाटात थोरलीची जुनी पदकं मागच्या रांगेत गेली.

आता पाइपच्या कारखान्याचे मालक, याच कॉलेजचे जुने विद्यार्थी, मैदानासाठी देणगी देतो म्हणाले होते. पण दोन्ही गोष्टी होण्याइतकी नाही. एक तर ट्रॅक नव्याने बांधायचा, रबराचा, पावसाळ्यातही पळता येईल असा. नाहीतर फुटबॉलचं मैदान नियमात बसेल एवढं रुंद करून त्यावर चांगली हिरवळ लावायची. आणि ते रुंद करायचं तर ट्रॅकची एक सरळ बाजू त्यात जाणार होती. एक बाजू गेलेला ट्रॅक म्हणजे बूड गेलेली बादली. एका म्यानात दोन तलवारी आजवर कशाबशा राहिल्या होत्या, आता एक बाहेर पडणार होती.

"मी म्हातारा माणूस," आजोबा प्राचार्यांना म्हणाले होते, "तुमचे कागद वाचून मला काही कळायचं नाही. पोरी पळताना दाखवा, खेळताना दाखवा. मग सांगतो."

एवढंच असतं तर थोरलीने ते धंद्यातलं भांडण म्हणून सोडून दिलं असतं. पण गेल्या आठवड्यात घरातल्या चपलांच्या रॅकवर तिला नवे बूट दिसले. तळाला खुंट्या असलेले, फुटबॉलचे. माप तिच्या मुलीचं.

मुलीला घरात सगळे खारूताई म्हणत. पळायला लागली की तिला बघत राहावं. थोरलीने तिला चालायला आणि पळायला जवळजवळ एकाच वेळी शिकवलं होतं.

"काकूने दिले," मुलगी म्हणाली. "त्यांच्या टीममधली कडेला खेळणारी आहे ना, तिचा घोटा मुरगळलाय. आजोबा येतील त्या दिवसापुरतं मी खेळू का? आधी तुझी शर्यत पळेन. नक्की."

"खेळ की. मी कुठे अडवलंय?"

"आई, अशी नको ना बोलूस."

"कशी बोलले?"

मुलीने बूट उचलले आणि ती वरच्या मजल्यावर काकूकडे गेली. जेवायला खाली आणि हसायला वर, असं तिचं बरेच दिवस चाललं होतं. भाजी परतताना वरून खिदळणं ऐकू यायचं आणि थोरली झारा कढईवर जरा जास्तच आपटायची.

"अगं, जाऊ आहे ती तुझी, सवत नाही," नवरा एकदा म्हणाला होता. त्याला विनोद झाला असं वाटलं. ती दोन दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

ऊन कलल्यावर आजोबा आले. काठी टेकत, प्राचार्यांचा हात झिडकारत ते सबंध ट्रॅकवर फिरले. थोरली बरोबर चालत होती. माती कुठे खचलीय, पाणी कुठे साचतं, ते दाखवत होती.

"अलीकडे तुमच्या मुलींची पदकं कमी झाली म्हणे, मॅडम."

"या वळणावर पाय सरकतो हो. उतार उलटा झालाय. अशा ट्रॅकवर तयारी करून बाहेर जायचं म्हणजे..."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" आजोबा म्हणाले आणि स्वतःच खदखदून हसले. प्राचार्यही हसले. "चेष्टा केली हो. मनावर घेऊ नका."

थोरलीने मान हलवली आणि शिट्टी तोंडात धरली. पाठीमागून धाकटीच्या मुलीही फिसकन हसल्या होत्या. धाकटीने त्यांना डोळ्यांनी दटावलं, तेही थोरलीला दिसलं, आणि तेच जास्त झोंबलं.

शर्यत मात्र तिच्या मनासारखी झाली. खारूताई शेवटच्या वळणापर्यंत तिसरी होती. वळणावर बाकीच्या बाहेर फेकल्या गेल्या आणि ही रेघेपासून वीतभर अंतर राखून, जणू रुळावर ठेवल्यासारखी पुढे आली. जिंकली. आणि जिंकल्यावर धापा टाकत थोरलीसमोर येऊन पाठमोरी उभी राहिली आणि एक पाय मागे उचलला. बाकीच्या मुलीही रांगेत तशाच उभ्या राहिल्या.

"हे काय?" आजोबांनी विचारलं.

"तळवे बघतात मॅडम," प्राचार्य म्हणाले. "रेघेवर पाय पडला असेल तर चुना लागतो. लागला की बाद."

पूर्वी मुली अनवाणी पळत, तेव्हापासूनची ही पद्धत. आता सगळ्यांच्या पायात बूट होते, तरी थोरली 'तळवे दाखवा'च म्हणे. पहिली आली असली तरी बाद म्हणजे बाद. लेन सोडायची नाही. डोंगर कोसळला तरी नाही.

आजोबा वाकून एकेक तळ बघू लागले. एकीचा पांढरा निघाला. खारूताईचे दोन्ही नुसते मातीचे होते. आजोबांनी काठी काखेत धरून टाळ्या वाजवल्या.

"वा! अशी शिस्त हल्ली बघायला मिळत नाही. ट्रॅक करायला माझी काही हरकत नाही, प्राचार्य. पण आता दुसरंही बघू."

 मुलीच्या पाठीवर थाप मारायला थोरलीने हात उचलला, पण तोवर मुलगी वाकून बूट बदलू लागली होती. धाकटी तिच्या शेजारी गुडघे टेकून नाडी घट्ट बांधून देत होती. लहान मुलाची बांधतात तशी.

सामना शेजारच्या कॉलेजशी होता. त्यांचे कपडे नवे, घरचं मैदानही चांगलं. अरुंद जागेत सगळ्या मुली एकमेकींच्या पायात येत होत्या. गोल कुणाचाच होईना. आजोबांनी दोनदा घड्याळ बघितलं, एकदा जांभई दिली आणि प्राचार्यांना ट्रॅकच्या रबराबद्दल काहीतरी विचारलं. थोरली त्यांच्या खुर्चीमागे उभी होती. तिने ते नीट ऐकलं. अजून थोडा वेळ असंच चाललं की झालं, असं तिच्या मनात आलं. या विचाराची तिला अजिबात लाज वाटली नाही.

खारूताई कडेला होती. चेंडू तिच्याकडे फारसा येतच नव्हता. शेवटी शेवटी एकदा आला.

ती सुटली. चेंडू पुढे ढकलत ती कडेच्या रेघेलगत पळाली आणि तिच्या मागे लागलेल्या दोघी बघता बघता मागे पडल्या. खुर्च्यांवरची माणसं उठली. समोर आता एकच मुलगी आडवी होती, आणि तिच्या आतल्या बाजूला गोलपर्यंत सगळं मोकळं रान पडलं होतं.

"आत!" धाकटी ओरडली. "खारू, आत घे! आत!"

खारूताई आत गेली नाही. रेघ धरूनच पळत राहिली. चुन्याची ढेकळं तिच्या बुटांखाली फुटत होती, तरी ती रेघ सोडेना. धाकटी दोन्ही हातांनी मैदानाच्या मध्याकडे दाखवत होती, तिचा आवाज चिरकला होता, आणि पोरगी जणू बहिरी.

तेव्हा थोरलीला आनंद झाला. साधासुधा नाही, अगदी पोटातून झाला. नवे बूट देता येतात, नाड्या बांधता येतात, वरच्या मजल्यावर बोलावून हसवता येतं. पण त्या पायांत जे आहे ते माझं आहे. घे, काढून दाखव.

मग तिने मुलीचा चेहरा बघितला.

मुलीला मोकळी जागा दिसत होती. मान पुन्हा पुन्हा तिकडे वळत होती आणि पाय वळत नव्हते. घाबरली होती ती. लहानपणी एकदा रेघेवर पाय पडला, म्हणून शर्यत जिंकूनही आईने बाद केलं, तेव्हा दिसली होती तशीच दिसत होती. आडवी आलेली मुलगी तिला बाहेर रेटत चालली होती. आणखी चार पावलं, की संपलं.

थोरलीने शिट्टी तोंडातून काढली.

"लेन सोड!"

मैदानाच्या या टोकाची त्या टोकाला ऐकू जाईल अशी हाक होती ती. इतक्या वर्षांची कमावलेली. आजोबा खुर्चीत दचकले.

"सोड लेन, पोरी! सोड!"

खारूताई वळली. आडव्या आलेल्या मुलीच्या हाती नुसती हवा लागली. दोन ढेंगांत ती गोलसमोरच्या रेघा ओलांडून आत गेली आणि चेंडू जाळीत बसला. सकाळी सुतळीने बांधलेली जाळी एका बाजूने सुटली. पोरी किंचाळत एकमेकींवर पडल्या.

आजोबा उभे होते. त्यांची काठी खाली पडली होती आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. मग ते प्राचार्यांकडे वळून दोन्ही हात पसरून काहीतरी सांगू लागले. हिरवळ कुठून कुठपर्यंत, ते सांगत असावेत. त्यांचा उजवा हात समोरच्या सरळ बाजूवरून, दोनदा चुना मारलेल्या आठही लेनवरून फिरला आणि पार कुंपणापर्यंत गेला.

थोरलीने ते बघितलं. मग ती बादली उचलायला वाकली. बादलीत तळाला मूठभर चांगला चुना उरला होता. कशाला राखून ठेवला होता कोण जाणे.

पोरींच्या ढिगाऱ्यातून खारूताई बाहेर आली. केस सुटलेले, गुडघा फुटलेला. मैदानाच्या कडेला धाकटी पाण्याची बाटली एका हातात आणि दुसरा हात पसरून उभी होती. खारूताई तिच्याकडे बघून हसली, तिच्या समोरून गेली, आणि ट्रॅकवर येऊन थोरलीपुढे पाठमोरी उभी राहिली. सवयीने एक पाय मागे उचलला.

थोरली खाली बसली. तिने बूट हातात धरला. खुंट्याखुंट्यांमध्ये ओल्या चुन्याची ढेकळं दाबून बसली होती. तिचीच ढेकळं. अंगठ्याने तिने त्यातलं एक टोकरून काढलं.

"दुसरा."

मुलीने पाय बदलला. तोही पांढराफेक.

"बाद," थोरली म्हणाली.

मुलगी हसायला लागली. पाय सोडवून घ्यायला तिने एक हिसका दिला, पण थोरलीने तो तसाच धरून ठेवला. हवा होता त्यापेक्षा जरा जास्तच वेळ. मान वर न करता तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून पलीकडे बघितलं. धाकटी पाण्याची बाटली हातात घेऊन तिथेच उभी होती. बघत होती.