छापखाना बुडाल्याचं कारण

सरांनी शोधनिबंधाचा विषय मोकळा ठेवला होता. अट एवढीच, की घडलेली एक गोष्ट घ्यायची आणि तिचं कारण सिद्ध करायचं. धाकट्या मुलीने घरचीच गोष्ट घेतली, बाबा-काकांचा छापखाना का बुडाला. कारण तिला तोंडपाठ होतं. काका भांडून दुसऱ्या प्रेसमध्ये गेले, जाताना गिऱ्हाईकं फोडली, आणि वर्षाच्या आत यंत्रं भंगारात निघाली. बाबा दाढी करतानाही हेच ऐकवत.

पहिला खर्डा सरांनी परत केला. एकामागून दुसरं घडलं म्हणून एकामुळेच घडलं हे कशावरून, असं समासात लिहिलं होतं. गिऱ्हाईकं फुटली म्हणतेस, तर त्यांनाच विचार.

ती उठून निघालीच. काकांवरचं खापर थोडं जरी उतरलं, तरी ते पुन्हा घरात येतील, ही आशा होती. त्यांच्या मांडीवर बसून ती छपाईच्या खिळ्यांवरून, शिशात उलट्या उठवलेल्या ठशांवरून, अक्षरं शिकली होती. पहिलीत सगळी उलटी काढून मार खाल्ला तो त्यामुळेच.

लोकांनी भलतंच सांगितलं. बाबा कुणाचाही मजकूर न विचारता सुधारायचे. मुख्याध्यापकांच्या अहवालातली दोन पानं त्यांनी पाल्हाळ म्हणून गाळली होती. औषधवाल्याच्या जाहिरातीतला 'खात्रीशीर' त्यांना खोटा वाटला, म्हणून उडवला.

"तुझे काका आमच्या हातापाया पडून मूळ मजकूर पुन्हा छापून द्यायचे," औषधवाला म्हणाला. "ते गेल्यावर तुझ्या वडिलांचं शहाणपण कोण ऐकून घेणार? मी दुसरीकडे गेलो. काकांच्या प्रेसमध्ये नाही हं. त्यांनीच नको म्हटलं, दादाला वाईट वाटेल म्हणाले."

बाकीच्यांचंही थोड्याफार फरकाने हेच. तिने ते जसंच्या तसं लिहिलं आणि देण्याआधी बाबांपुढे ठेवलं. खुर्ची खिडकीकडे ओढून त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. आरडाओरडा होईल म्हणून आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. बाबांनी पानं नीट जुळवली.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

तिला हायसं वाटलं. "मग काकांना फोन लावू?"

"नको."

"पण त्यांची चूक नव्हती, बाबा."

"म्हणूनच नको. त्याची चूक होती तोवर बरं होतं गं. म्हातारपणी कधीतरी म्हटलं असतं, जाऊ दे, झालं गेलं, ये घरी. आता मीच त्याच्या दारात जायला हवं." त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "ते काही माझ्याच्याने व्हायचं नाही."

आई आत वळली.

निबंधाला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. बाबांनी ते विचारले नाहीत, आणि तिनेही सांगितले नाहीत.