कॉर्निशवरचा शुक्रवार

डेस्मंडसाहेबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामाला संगीत पुरवलं. लंडनच्या रेडिओवर त्यांच्या हलक्याफुलक्या धुना वर्षानुवर्षं वाजल्या. लोक त्या ऐकत बटाटे सोलायचे, दाढी करायचे. पण संगीतकाराचं नाव एकालाही ठाऊक नसायचं. निवृत्तीनंतर ते अबुधाबीच्या एका हॉटेलात छोटा ऑर्केस्ट्रा चालवायला आले. इथंही तेच. ते छडी हलवत आणि लोक कबाब खात.

शेवटी, मी हॉल ठरवायला गेले तेव्हा मॅनेजर हमदुल्ला म्हणाला, "कोई सुनता ही नहीं. अगले महीने से टेप लगा देंगे."

म्हणजे वादकांचे व्हिसा खलास, आणि साहेब परत लंडनला. माझं डोकंच फिरलं. मी महाराष्ट्र मंडळाची सेक्रेटरी, आणि आमचं स्नेहसंमेलन त्याच हॉटेलात, साहेबांच्याच ऑर्केस्ट्रासह होतं. "हमारे लोग सुनेंगे," मी ठणकावलं. "उस दिन खुद देख लेना, फिर टेप की बात करना."

घरी नवरा, नागेश, पोट धरून हसला. "विनिता, बुफे लागला की आपली माणसं अध्यक्षांचंसुद्धा ऐकत नाहीत गं!"

खोटं कशाला बोलू, मलाही तीच धास्ती होती. त्यात स्नेहसंमेलनाच्या दिवशी हमदुल्लानं मुद्दाम हॉलमध्येच बुफे मांडला आणि स्वतः दाराशी उभा राहिला. पुऱ्यांचा वास थेट पहिल्या रांगेत.

साहेबांनी आपली नवी रचना सुरू केली, 'कॉर्निशवरचा शुक्रवार'. कॉर्निश म्हणजे अबुधाबीचा समुद्रकाठचा रस्ता, आम्हा सगळ्यांची फिरायची जागा. बासरीत समुद्राचा वारा, ट्रंपेटमध्ये गाड्यांचे हॉर्न, मध्येच आइस्क्रीमसाठी हट्ट धरलेलं व्हायोलिन. लोक आधी हसले, मग गप्प झाले. रचना संपताच कंत्राटदार बापू उठून गरजले, "वन्स मोअर!" पाठोपाठ सगळा हॉल.

साहेब गोंधळून विंगेत माझ्याकडे आले. "अशी फर्माइश कार्यक्रमाच्या शेवटी करतात ना?"

"आमच्याकडे आवडलं की तिथल्या तिथे, सर. वाजवा!"

त्यांनी पुन्हा वाजवलं. पुन्हा वन्स मोअर. बाकीचा कार्यक्रम बाजूलाच राहिला. हमदुल्ला कासावीस होऊन बापूंपाशी गेला. "बापूसाब, खाना ठंडा हो रहा है!"

"होने दो, हबीबी. खाना फिर गरम हो जाएगा. अभी बैठो!"

आणि त्यांनी हमदुल्लाला हाताला धरून शेजारी बसवलं. तिसऱ्या खेपेला हमदुल्लाचा पाय ठेका धरत होता. संपल्यावर तो उठला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "ठीक है, मॅडम. टेप कॅन्सल."

मी धावत जाऊन साहेबांना ही बातमी सांगितली. वादक एकमेकांना मिठ्या मारू लागले. साहेबांनी मात्र नीट ऐकलं की नाही, कोण जाणे. ते बुफेकडे पाहत होते. भांड्यांवरची झाकणं तशीच होती, एकही ताट उचललेलं नव्हतं.

"कुणीच जेवलं नाही," ते म्हणाले. डोळे पुसून त्यांनी छडी उचलली. "चला, अजून एकदा."