बेंबी नसलेली काच

लिंडेफोर्श गावातल्या काचेच्या भट्टीला कधीकाळी तीन तोंडं होती आणि तिन्ही रात्रंदिवस लाल. भोंगा झाला की गाव उठे, भोंगा झाला की गाव जेवे. इथली काच बोटीत बसून दूरदेशी नांदायला जाई. मग एकेक तोंड मिटलं. शेवटचं मिटलं त्याला वीस वर्षं झाली. उरलं एक दुकान, आणि दुकानात अल्गोट. उभी हयात फुंकणी ओठाला लावून काच फुगवलेला, आता उन्हाळी पाहुण्यांना फुलदाण्या विकणारा.

फुलदाण्या परमुलखातून खोक्यांनी येत, यंत्रात दाबलेल्या. अल्गोट तळाशी सुईने आपलं नाव कोरी. पाहुणे ते वाचून हरखत, आणि त्याला मान वर करवत नसे.

त्या सकाळी सिग्नहिल्ड आली. ऐंशी उलटलेली, आता डोळे गेलेले. फुंकलेलं भांडं दांडीवरून तोडलं की तळाला खरखरीत वण राहतो. कारागीर त्याला बेंबी म्हणत. भट्टी होती तोवर तीस वर्षं तिने अल्गोटच्या काचेची बेंबी घासून गुळगुळीत केली होती; घासली तरी बोटाला तिचा खळगा लागे. पणतीच्या बारशाला तिला त्याच्या हातची फुलदाणी हवी होती.

हिला कुठे दिसतंय, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याने खोक्यातलीच एक पुढे केली.

तिचा अंगठा तळावरून फिरला. थांबला. पुन्हा फिरला.

“पोरा, याला बेंबीच नाही,” ती म्हणाली. “आईवाचून जन्मलं का हे?”

 सत्तरीच्या त्या पोराने सगळं सांगून टाकलं. खोकी, सुई, नाव. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

तो घरी गेला आणि खिडकीतली फुलदाणी घेऊन आला. भट्टी विझली त्या दिवशीची, अखेरची. सिग्नहिल्डने अंगठा टेकवला नि झटकन मागे घेतला. काच टोचली होती.

“ही कुणी घासलेली नाही.”

“तुम्हा घासणाऱ्यांना महिनाभर आधीच घरी पाठवलं होतं.” अल्गोट म्हणाला. “आम्ही फुंकणारे काही बोललो नाही. वाटलं, आपली भट्टी तरी वाचेल.”

“माहीत आहे. आम्हाला काढलं त्या दिवशी फाटकात उभी होते मी. तू खाली बघत गेलास.” तिने फुलदाणी त्याच्यापुढे सरकवली. “आता घासू नकोस. नाव तेवढं घाल.”

बाहेर पाहुण्यांची बस येऊन थांबली. अल्गोटने सुई उचलली. दिवसाला चाळीस नावं कोरणारा हात पहिल्याच अक्षरापाशी अडून राहिला. आणि सिग्नहिल्ड, कोट न काढता, खुर्ची ओढून वाट बघत बसली.